पार्सल कुठं चाललंय, ते आधी बघा : घरून ऑनलाइन कपडे विकणाऱ्यांसाठी कर, नोंदण्या आणि कागदपत्रं

कोल्हापूरहून पुण्याला कुर्ता पाठवला तर एक नियम, बेळगावला पाठवला तर दुसरा. बेळगाव पुण्यापेक्षा जवळ आहे, भाषा ओळखीची आहे, निम्मे पाहुणे तिकडचे आहेत. पण जीएसटीच्या लेखी ते परराज्य. सावंतवाडीच्या विक्रेत्याला पणजी परराज्य आणि पणजीच्या विक्रेत्याला सावंतवाडी.

घरून कपडे विकायला सुरुवात करणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "किती विक्री झाल्यावर जीएसटी लागतो?" उत्तर मिळतं ४० लाख, आणि सगळे निर्धास्त होतात. खरं तर आधी विचारायला हवं की पार्सल कुठं चाललंय. या एका गोष्टीवर पुढचं जवळजवळ सगळं ठरतं. म्हणून हा लेख महाराष्ट्रातून कुर्ते, साड्या, ड्रेस मटेरियल विकणारा एकट्याचा किंवा घरच्यांचा धंदा समोर ठेवून लिहिला आहे.

जीएसटी नोंदणी कधी लागते

फक्त माल विकत असाल आणि सगळा माल महाराष्ट्रातच जात असेल, तर आर्थिक वर्षात ४० लाखांची उलाढाल ओलांडेपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. गोव्यातही मालासाठी हीच मर्यादा आहे. उलाढाल मोजताना तुमच्या पॅनवरची सगळी विक्री धरायची. त्याच पॅनवर दुसरं दुकान असेल तर तेही आलं.

परराज्यात माल विकायचा असेल तर ही मर्यादा उरत नाही. वर्षाची विक्री दोन लाख असो की वीस हजार, पहिल्या पार्सलच्या आधी नोंदणी हवी. अपवाद आहे तो हस्तकलेच्या ठराविक वस्तूंना. सरकारच्या यादीत असलेली हस्तकला तुम्ही स्वतः थेट विकत असाल, तर २० लाखांपर्यंत परराज्यातही नोंदणीशिवाय पाठवता येते. पॅन आणि ई-वे बिल (माल पाठवताना पोर्टलवर काढायचा वाहतुकीचा कागद) मात्र लागतं. "हातानं शिवलंय" म्हणून कुर्ता हस्तकला होत नाही. तुमची वस्तू यादीत नावानिशी आहे का, ते पाहूनच यावर विसंबा.

चूक नेमकी कुठं होते पाहा. पुण्याची ताई तुमच्याकडून ड्रेस घेते, पैसे पुण्यातून देते आणि म्हणते, "हा माझ्या बहिणीला बेळगावला पाठवा." बिल पुण्याच्या नावावर आहे, म्हणजे विक्री राज्यातलीच, असं वाटतं. तसं नाही. नोंदणी नसलेल्या ग्राहकाच्या बाबतीत बिलाचा पत्ता आणि माल पोहोचवायचा पत्ता वेगळा असेल, तर पोहोचवायचा पत्ता धरायचा, असा खुलासा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने २०२४ मध्ये केला आहे. म्हणजे ही विक्री कर्नाटकातली. तुमची नोंदणी नसेल तर नियम मोडला. असेल तर बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीवरचा केंद्राचा आणि राज्याचा कर) न लावता आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीवरचा कर) लावायचा. राखी आणि भाऊबीजेच्या हंगामात अशा ऑर्डरी ढिगानं येतात. नोंदणी नसेल तर ऑर्डर घेतानाच पिनकोड विचारा आणि परराज्यातली ऑर्डर नम्रपणे नाकारा.

मोठ्या प्लॅटफॉर्मवरून विकताना

ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो अशा प्लॅटफॉर्मवर विकायला पूर्वी पहिल्या रुपयापासून जीएसटी क्रमांक लागायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना सवलत मिळाली आहे. उलाढाल मर्यादेच्या आत असेल, माल फक्त स्वतःच्या राज्यात विकत असाल आणि पॅन असेल, तर जीएसटी पोर्टलवर नोंदणीऐवजी एक नावनोंदणी क्रमांक घेऊन प्लॅटफॉर्मवर विकता येतं. हा क्रमांक एकाच राज्यासाठी मिळतो. पुढे पूर्ण नोंदणी घेतलीत की तो संपतो. त्या प्लॅटफॉर्मवर 'फक्त राज्यात विक्री' अशी सोय प्रत्यक्षात आहे ना, हे खातं उघडायच्या आधी तपासा.

प्लॅटफॉर्मच्या गोदामात माल ठेवायचा असेल तर गोदाम कुठल्या राज्यात आहे ते बघा. भिवंडीचं असेल तर ते तुमच्या नोंदणीत 'धंद्याची जादा जागा' म्हणून टाकायचं. बंगळूर किंवा हैदराबादचं असेल तर त्या राज्याचा वेगळा जीएसटी क्रमांक घ्यावा लागतो. गोदामाची योजना स्वीकारताना हे बारीक अक्षरात असतं, आणि एका क्लिकनं वर्षाला आणखी एका राज्याची विवरणपत्रं मागे लागतात.

नोंदणी घेताना

अर्ज gst.gov.in या पत्त्यावर, म्हणजे जीएसटी डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर करायचा. सरकारी फी शून्य. पॅन, मोबाइल आणि ईमेल टाकला की तात्पुरता क्रमांक मिळतो. तो १५ दिवस चालतो, तेवढ्यात उरलेला अर्ज पूर्ण करायचा. फोटो, आधार पडताळणी आणि जागेचा पुरावा लागतो. काहींना बोटांचे ठसे द्यायला सुविधा केंद्रात बोलावतात. तारीख आली तर मूळ कागद घेऊन जा.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते जागेच्या पुराव्यावर. तीन प्रकार ध्यानात ठेवा. घर तुमच्या नावावर असेल तर वीजबिल किंवा घरपट्टीची पावती, यांपैकी एक पुरे. एप्रिल २०२५ मध्ये अधिकाऱ्यांना तशा स्पष्ट सूचना गेल्या आहेत. घर सासऱ्यांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र, त्यांचं ओळखपत्र आणि त्यांच्या नावाचं वीजबिल. भाड्याचं असेल तर भाडेकरार आणि मालकाच्या नावाचा पुरावा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे नुसता नोटरी केलेला करार पुढे करू नका. अर्जातला पत्ता आणि वीजबिलावरचा पत्ता अक्षरशः जुळवा. एकीकडे 'गट नं.' आणि दुसरीकडे 'सर्व्हे नं.' असेल तरी शंका काढली जाते.

शंका आली तर ती पोर्टलवरच्या नोटिशीतून येते आणि ७ कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ईमेल रोज उघडा. बऱ्याच जणांचा अर्ज कागद अपुरे म्हणून नाही, तर उत्तर न दिल्यामुळे फेटाळला जातो. १ नोव्हेंबर २०२५ पासून लहान व्यापाऱ्यांसाठी एक जलद मार्गही आहे. नोंदणीकृत व्यापाऱ्यांना होणाऱ्या विक्रीवरचा कर महिन्याला अडीच लाखांच्या आत राहणार असेल, तर आधार पडताळणीनंतर ३ कामाच्या दिवसांत क्रमांक मिळू शकतो. थेट ग्राहकाला विकणारे बहुतेक जण यात बसतात.

क्रमांक मिळाल्यावर ३० दिवसांत, किंवा पहिलं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) भरायच्या आधी, यांत जे आधी येईल तेव्हा बँक खातं पोर्टलवर जोडायचं. हे राहिलं की नोंदणी निलंबित होते. दारावर धंद्याचं नाव आणि जीएसटी क्रमांक असलेली पाटीही हवी. अधिकारी पाहणीला आले तर पहिली तीच बघतात. फ्लॅटच्या दारावर लॅमिनेट केलेला ए-४ कागद लावला तरी चालतो, पण लावलेला हवा.

मर्यादा ओलांडून किंवा परराज्यातल्या विक्रीमुळे नोंदणी लागू झाली असेल, तर ३० दिवसांच्या आत अर्ज करा. तेवढ्यात केला तर घरात पडलेल्या कापडावर भरलेल्या कराचंही क्रेडिट, म्हणजे पुढे भरायच्या करातून वजावट, मिळू शकतं. उशीर झाला तर ते हातचं जातं, आणि मधल्या काळातल्या विक्रीवरचा कर खिशातून भरावा लागतो.

कुर्त्याला किती, साडीला किती

२२ सप्टेंबर २०२५ पासूनचे दर असे आहेत. तयार कपड्याची विक्री किंमत नगाला २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर १८ टक्के. साडी हे कापड आहे, तयार कपडा नाही. त्यामुळे साडी ८०० रुपयांची असो की २५,००० ची पैठणी, दर ५ टक्केच. शिवलेल्या कपड्याचा भाव २,५०० च्या आसपास ठेवताना नीट विचार करा. २,४९० च्या कुर्त्यावर कर १२४.५० रुपये होतो; २,५१० च्या कुर्त्यावर ४५१.८० रुपये. वीस रुपये वाढवले आणि ग्राहकाला साडेतीनशे रुपये महाग पडलं.

कुरिअरचे पैसे बिलात वेगळे लावत असाल तरी त्यांवर कपड्याचाच दर लागतो. आणि नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावायचा नाही. "सगळे लावतात म्हणून" पाच टक्के वेगळे घेतले, तर ते पैसे सरकारला द्यावे लागतात, वर दंड.

कंपोझिशन या लहान धंद्यांसाठीच्या योजनेत उलाढालीवर १ टक्का कर भरून सुटका होते, हे खरं. पण त्यात परराज्यात विकता येत नाही, ग्राहकाकडून कर वेगळा घेता येत नाही आणि खरेदीवरच्या कराचं क्रेडिटही मिळत नाही. विक्री राज्यातच राहणार असेल तरच तिचा विचार करा.

बँकेत आलेली रक्कम म्हणजे विक्री नव्हे

हिशेबाचा सगळ्यात मोठा घोळ इथं होतो. एक उदाहरण मांडू. कुर्त्याची किंमत १,२०० अधिक ५ टक्के जीएसटी ६०, ग्राहकानं भरले १,२६०. समजा, प्लॅटफॉर्मनं १५ टक्के कमिशन घेतलं, म्हणजे १८० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३२.४० : एकूण २१२.४०. कुरिअरचे ७० अधिक जीएसटी १२.६० : ८२.६०. शिवाय प्लॅटफॉर्म दोन छोट्या रकमा कापून सरकारकडे भरतो. एक, जीएसटीचा टीसीएस, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का, म्हणजे ६ रुपये. दुसरी, आयकराचा टीडीएस, १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का, म्हणजे १.२० रुपये. बँकेत जमा होतात ९५७.८०.

तुमची विक्री १,२०० आहे, ९५७.८० नाही. जीएसटीच्या विवरणपत्रात आणि आयकरात १,२०० च दाखवायचे. प्लॅटफॉर्मनं सरकारला तोच आकडा कळवलेला असतो. बँकेच्या पासबुकावरून विक्री मोजणाऱ्याचा आकडा दर महिन्याला कमी पडतो आणि वर्षाअखेरीस फरकाची नोटीस येते.

कापलेलं सगळं काही गेलेलं नसतं. कमिशन आणि कुरिअरवरचे ४५ रुपये हे तुमचं इनपुट क्रेडिट (खरेदी-खर्चावर भरलेल्या कराची वजावट). त्यासाठी प्लॅटफॉर्मच्या खात्यात, कुरिअर कंपनीकडे आणि इन्स्टाग्रामच्या जाहिरात खात्यातही तुमचा जीएसटी क्रमांक टाकलेला हवा. टीसीएसचे ६ रुपये मिळवायला पोर्टलवर 'टीडीएस/टीसीएस क्रेडिट' मध्ये जाऊन ते स्वतः स्वीकारावे लागतात, तेव्हाच ते कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या तुमच्या रोख खात्यात, येतात. हे बटण कित्येकांनी वर्षानुवर्षं दाबलेलं नसतं. टीडीएस आयकर विवरणपत्रात वजा होतो किंवा परत मिळतो. एका प्लॅटफॉर्मवरची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेला असेल, तर व्यक्तीच्या नावावरच्या धंद्याला हा टीडीएस कापलाच जात नाही. पॅन दिला नसेल तर ५ टक्के कापतात.

माल परत आला तर क्रेडिट नोट (विक्री कमी झाल्याचा कागद) करा आणि त्याच महिन्यात लिहून ठेवा. कपड्यांत परतीचं प्रमाण मोठं असतं. हे राहिलं की न झालेल्या विक्रीवर कर भरला जातो. पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० नोव्हेंबरपर्यंतच ती विवरणपत्रात दाखवून कर कमी करता येतो.

विवरणपत्रांच्या तारखा

लहान धंद्याला तिमाहीची योजना सोयीची. जीएसटीआर-१ तिमाहीनंतरच्या महिन्याच्या १३ तारखेला, जीएसटीआर-३बी (एकूण कराचा हिशेब देऊन कर भरायचं विवरणपत्र) महाराष्ट्र आणि गोव्यासाठी २२ तारखेला. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर मात्र पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलनानं भरायचा. विक्री शून्य असली तरी विवरणपत्र चुकत नाही. उशिराला दिवसाला ५० रुपये, शून्य विवरणपत्राला २० रुपये, आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. दिवाळीनंतर धंदा थंडावतो, लॉगिन विसरलं जातं आणि नोंदणीच रद्द होते, हे नेहमीचं आहे.

व्यवसाय कर, गुमास्ता, उद्यम

जीएसटी नोंदणी झाली की महाराष्ट्रात व्यवसाय कराची नोंद आपोआप डोक्यावर येते. महाजीएसटीच्या, म्हणजे राज्याच्या कर विभागाच्या, पोर्टलवर ३० दिवसांत पीटीईसी (व्यवसाय कराचा नोंदणी) क्रमांक घ्यायचा आणि वर्षाला २,५०० रुपये भरायचे. जुन्या नोंदणीसाठी शेवटची तारीख ३० जून. कोणी आठवण करत नाही, पण थकबाकी व्याजासकट निघते. ६५ वर्षांवरच्या व्यक्तींना हा कर माफ आहे.

गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायदा, २०१७. वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर परवाना लागत नाही. धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत नमुना 'एफ' मध्ये ऑनलाइन सूचना द्यायची आणि नमुना 'जी' ची पावती घ्यायची. बँकेत चालू खातं उघडायला ही पावती आणि उद्यम (केंद्र सरकारची लघुउद्योग नोंदणी) प्रमाणपत्र, अशी जोडी सहसा चालते.

उद्यम नोंदणी पूर्ण फुकट आहे. आधार आणि पॅन पुरतात. सरकारी पोर्टलच्या पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' असतं. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं याच कामाचे हजार-दोन हजार घेतात. एक रुपयाही देऊ नका.

आयकर

एकट्याच्या धंद्याला वेगळा पॅन नसतो, तुमचाच चालतो. २ कोटींपर्यंतच्या उलाढालीला अंदाजित नफ्याची योजना घेता येते (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४४एडी, १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, क्रमांक बदलला, योजना राहिली). यूपीआय, कार्ड, बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के नफा धरायचा. १८ लाखांची सगळी विक्री डिजिटल असेल तर किमान १,०८,००० नफा. खरा नफा यापेक्षा जास्त असेल तर जास्तच दाखवा. घरखर्च, हप्ते आणि सोनं एवढ्याशा नफ्यातून कसं भागलं, हा प्रश्न कधीतरी विचारला जातो. या योजनेत आगाऊ कर एकदाच, १५ मार्चपर्यंत भरायचा. एकदा योजनेत येऊन पुढे कमी नफा दाखवलात तर पाच वर्षं परत येता येत नाही.

बायकोचा धंदा आणि क्यूआर कोड नवऱ्याच्या खात्याचा, हे टाळा. पैसे ज्याच्या खात्यात येतात, विचारणा त्यालाच होते. धंद्यासाठी तिच्या स्वतःच्या नावाचं वेगळं खातं उघडा.

लेबल आणि संकेतस्थळावरची माहिती

पाकिटबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार लेबलवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, प्रमाण, बनवल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसहित कमाल किंमत आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल हवा. कुर्त्याला आकार 'एम' असा नुसता न लिहिता सेंटिमीटरमध्येही लिहा. हा मजकूर हिंदी किंवा इंग्रजीत असणं सक्तीचं आहे. मराठी जोडीला लिहिता येते, एकटी चालत नाही. महिना-वर्ष सोडून हीच माहिती ऑनलाइन पानावरही दिसायला हवी. स्वतः माल पॅक करत असाल तर पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत वैधमापन विभागाकडे (वजन-मापं आणि लेबलं तपासणारं सरकारी खातं) नोंद करायची, फी ५०० रुपये.

स्वतःचं संकेतस्थळ असेल तर २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू होतात. धंद्याचं कायदेशीर नाव, पत्ता, परतीचे नियम आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव तिथं द्या. एकट्याच्या धंद्यात ते तुम्हीच. तक्रारीची पोच ४८ तासांत, निकाल एका महिन्यात. "नो रिटर्न, नो एक्स्चेंज" लिहिलं तरी फाटका किंवा चुकीचा माल परत घ्यावाच लागतो. ग्राहक स्वतःच्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात दावा करू शकतो, म्हणजे तारखेला जाणं तुमच्या नशिबी. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा यंत्रमागावरच्या साडीला 'सेमी पैठणी, यंत्रमाग' असं स्पष्ट म्हणा.

नाव चालायला लागलं की ट्रेडमार्कचा अर्ज करा. व्यक्तीला ऑनलाइन फी प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये, कपड्यांचा वर्ग २५. दुबई किंवा अमेरिकेतल्या मंडळींना माल पाठवायचा असेल तर ५०० रुपयांचा आयात-निर्यात कोड आणि जीएसटी नोंदणी दोन्ही लागतं. दर आर्थिक वर्षी जीएसटी पोर्टलवर एलयूटी (निर्यातीचं हमीपत्र) भरली की निर्यातीवर कर न भरता माल पाठवता येतो.

नोटीस आली तर

व्हॉट्सॲपवर आलेली नोटीस आधी पोर्टलवर आहे का ते बघा. जीएसटीच्या नोटिसा दोन ठिकाणी दिसतात, एक मुख्य यादीत आणि दुसरी 'जादा नोटिसा' या वेगळ्या दुव्यात. दुसरी जागा बऱ्याच जणांना ठाऊकच नसते, आणि मुदत तिथंच निघून जाते. नोंदणी रद्द झाल्याचा आदेश निघाला असेल तर आदेशापासून ९० दिवसांत, थकलेली सगळी विवरणपत्रं भरून, ती पुन्हा सुरू करण्याचा अर्ज करता येतो. तोपर्यंत परराज्यातली पार्सलं थांबवा.